सांगितलं म्हणून

बस वाकडेवाडीच्या अलीकडे सिग्नलला उभी होती, तेव्हा मागच्या बाकावरचा एक माणूस खोकला. साधाच खोकला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. पुढे बसलेल्या एका बाईनं मान वळवून पाहिलं आणि ती म्हणाली, "अहो, तोंडावर रुमाल तरी धरा. एवढं सगळं होऊन गेलं तरी अक्कल येत नाही लोकांना." माणूस ओशाळला. दोन-तीन जणांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, कंडक्टरनंही पाहिलं, आणि पुढचा थांबा येताच तो उतरून गेला. त्याला तिथेच उतरायचं होतं की नव्हतं, कोण जाणे. बायकांच्या बाकावर बसलेल्या कादंबरीला मात्र वाटलं, त्याला उतरवलं. तिचा थांबा मंडईचा, अजून बराच लांब होता. तरी ती उठली, बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेली आणि त्याच्या मागोमाग उतरली. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. काय, ते उतरेपर्यंत ठरलं नव्हतं. आणि उतरल्यावर पाहते तर मेट्रोच्या खांबांमधून रस्ता ओलांडून तो पलीकडच्या गर्दीत मिसळून गेला होता.

बस निघून गेली. डब्याची पिशवी पोटाशी धरून ती उभी राहिली. एकटीनं बसनं जायला-यायला शिकवताना बाबांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं, की चुकलीस तर पळायचं नाही, रडायचं नाही, कुणी 'चल, सोडतो' म्हणालं तर जायचं नाही. जिथे बायका बसल्या असतील तिथे जाऊन बसायचं आणि फोनमधला बाबांचा फोटो दाबायचा. समोर एसटी स्टँड होतं. तिथे बायका होत्या, पोरं होती, बोचकी होती. ती एका बाकाच्या टोकाशी बसली. फोनमध्ये बाबांचा फोटो दिसत होता, चष्मा नाकावर उतरलेला, फोटो काढणाऱ्याला काहीतरी खोचक ऐकवण्याच्या बेतात. पण तिनं तो दाबला नाही. बाबा आले की इतके दिवस आत ठेवलेलं बाहेर पडेल याची तिला भीती वाटत होती. लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं चालली होती. माणसं बोलत होती, खात होती, हसत होती. सगळ्यांना आपापली तोंडं परत मिळाली होती. मधल्या मास्कच्या काळात तोंडं नव्हती. त्या काळात सगळे नुसते डोळे होते, आणि नुसत्या डोळ्यांवरून माणूस रागावलाय की हसतोय हे कादंबरीला कधी ओळखता आलं नाही.

तिचं नाव बाबांनी ठेवलं होतं. बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण, जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत आले, दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतल्या वेलांट्या सरळ करत आले. मुलगी झाली तेव्हा हौसेनं हे नाव ठेवलं, आणि पुढे ही मुलगी स्वतःच्या नावापलीकडे काही वाचू शकणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यावर हळहळण्याची संधी त्यांनी कुणाला दिली नाही. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलून मोकळे व्हायचे. कुणी तिला 'विशेष मुलगी' म्हणालं, तर विचारायचे, "विशेष म्हणजे? दिवाळी अंक आहे का ती?" लोक हसायचे. कादंबरीही हसायची. बाबांच्या बोलण्याला दोन पदर असतात आणि लोक हसतात ते आतल्या पदराला, हे तिला ठाऊक होतं. पण तो आतला पदर तिच्या हाताला कधी लागला नाही. तिला वरचाच लागायचा. आई होती तोवर ती मागाहून हळूच सांगायची, "अगं, ते गमतीनं म्हणाले." आई गेली, आणि ते सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

कादंबरी रोज जायची ती कार्यशाळा खडकीच्या अलीकडे होती, एका शाळेच्या मागच्या पत्र्याच्या दालनात. तिथे तिच्यासारखी मोठी झालेली माणसं औषधांच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या करायची. कादंबरी घड्या घालायची. शेजारी शंभू बसायचा, तो खळ लावायचा. ती घडी घालून कागद सरकवायची, तो कडेला बोटानं खळ फिरवून दाबून धरायचा, आणि हे दिवसभर चालायचं; बोलण्याची गरज पडायची नाही. शंभूला बोलणं जडच जायचं. कादंबरी हे नाव त्याच्या जिभेवर मावत नसे, म्हणून तो शेवटचा तुकडा तेवढा घ्यायचा. "बरी," म्हणायचा. सकाळी ती दारात दिसली की, "बरी आली." तो तिच्याहून मोठा होता, कानशिलावरचे केस पिकलेले, अंगानं आडवा, आणि त्याची आई त्याच्या शर्टाला अजून पिनेनं रुमाल लावून द्यायची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वारलेले, भाऊ वेगळा राहणारा; खडकीच्या घरात आई आणि तो, दोघंच. डब्यातल्या पोळीचा तूप-गुळाचा रोल तो मधोमध मोडायचा आणि कुठला तुकडा मोठा आहे ते नीट बघून मोठा तिच्यापुढे ठेवायचा. तिच्या आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. घरात तिला सगळं मिळायचंच. पण स्वतःचं मोडून कुणी दिलं नव्हतं.

होळी नुकतीच होऊन गेली होती. कार्यशाळेच्या हमीदाबाई त्या आठवड्यात रोज एकच गोष्ट शिकवत होत्या. हात असे धुवायचे. तोंडाला हात लावायचा नाही. कुणी खोकलं, शिंकलं, तर त्याच्यापासून लांब व्हायचं आणि मला येऊन सांगायचं. हमीदाबाई कॅम्पातून यायच्या, त्यांचा आवाज मऊ आणि शिकवणं कडक. त्या सगळ्यांना विचारायच्या, "मग काय करायचं?" आणि कादंबरी सगळ्यांच्या आधी हात वर करायची. नियम तिला आवडायचे. नियमाला आतला पदर नसतो. शंभू फाल्गुनात नेहमीच खोकायचा, कागदाची धूळ त्याला सोसायची नाही, हे तिला माहीत होतं. दर वर्षी ती ऐकत आली होती. पण त्या दिवशी तो खोकला आणि तिचा हात आपोआप वर गेला. "बाई, शंभू खोकला." हमीदाबाई लगेच आल्या. त्यांनी शंभूला उठवलं, बाहेर पायरीवर बसवलं, त्याच्या आईला फोन केला. मग आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शाब्बास कादंबरी. बघा, असं लक्ष पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना तिनं जाळीतून बाहेर पाहिलं. शंभू पायरीवर बसून आत बघत होता. उजव्या हाताची बोटं खळीनं माखलेली होती म्हणून त्यानं तो हात गुडघ्यापासून दूर, हवेत धरला होता. आई आली आणि त्याला घेऊन गेली. आणि दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आज जायचं नाही. कार्यशाळा बंद."

बंद हा शब्द तेव्हापासून घरात राहायला आला. कार्यशाळा बंद, बस बंद, मंडई बंद. खिडकीतून दिसणारा रस्ता, ज्यावरून टेम्पो आणि हातगाड्या आणि भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका सकाळपासून आरडत जायच्या, तो धुऊन वाळत घातल्यासारखा रिकामा पडला. पोलीस दिसायचा, कुत्री दिसायची. ती सकाळी उठून, अंघोळ करून, डब्याची पिशवी घेऊन दाराशी उभी राहायची. "अगं, बंद आहे," बाबा म्हणायचे. "का?" "रोग आलाय." "कुठून?" "बाहेरून." पण बाहेर तर कुणीच नव्हतं. बाहेरून म्हणजे कुठून, हे तिला समजून घ्यायचं होतं, आणि एकदा सांगून तिला समजत नसे, पुन्हा विचारावं लागे; आई असताना पुन्हा विचारणं चालायचं. एका सकाळी बाबा मोरीपाशी बसून दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होते. चष्म्यावर वाफ, नाकाखाली घसरलेला मास्क, सत्तरी ओलांडलेला माणूस पिशव्या धुतोय. ती मागे उभी राहून विचारत होती. "बाबा, कुठून आला?" ते पिशवी चोळत राहिले. "बाबा, सांगा ना, रोग कुठून आला?" हातातली पिशवी निसटली, फुटली, दूध मोरीत गेलं. बाबा म्हणाले, "तुमच्या त्या कार्यशाळेतूनच निघाला! झालं समाधान? जा, विचार तुझ्या बाईंना!" मग त्यांनी पाण्याचा तांब्या ओतला आणि त्यांच्यापुरतं ते संपलं. संध्याकाळी त्यांनी तिला आवडतं म्हणून थालीपीठ लावलं. तिनं ते खाल्लं, आणि पुन्हा काही विचारलं नाही.

विचारायचं राहिलंच नव्हतं. सगळं आपोआप जुळून आलं. तिनं सांगितलं, शंभूला उठवलं, दुसऱ्या दिवशी बंद झालं. मागचंही मग उलगडलं. बंद झाल्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी सगळे लोक गॅलऱ्यांत येऊन थाळ्या, पातेली, झांजा बडवत होते, बाबा म्हणाले होते, "बघ, आपल्याकडे टाळ्या वाजवायला निमित्तच लागतं." ती कानावर हात ठेवून आत पळाली होती. आता कळलं, ते लोक रागावले होते. त्यांना कळलं होतं. ती खिडकीत उभी राहीनाशी झाली. हात मात्र धूत राहिली, कारण तो एक नियम अजून चालू होता, आणि तो पाळला तर कदाचित मिटेल. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटली. बाबा खोबरेल लावायचे आणि म्हणायचे, "किती धुशील? रेषा पुसून जातील हाताच्या." ती हात बघायची. रेषा पुसल्या तर काय होईल, हे विचारावंसं वाटायचं, पण तिनं विचारणं सोडलं होतं. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं, लहानपणी व्हायचं तसं. बाबांनी न बोलता चादरी धुतल्या. खोचक बोलणाऱ्या माणसाचं न बोलणं तिला जास्त भ्यायला लावायचं.

मग हमीदाबाईंनी फोनवर वर्ग सुरू केला. छोट्या छोट्या चौकोनांत सगळे दिसायचे, एकदम बोलायचे, कुणाचं तोंड हलायचं आणि आवाज यायचा नाही. बाई म्हणायच्या, हात वर करा, टाळी वाजवा. एक दिवस एका चौकोनात शंभू आला. आईनं फोन त्याच्या फार जवळ धरला होता. एक डोळा, अर्धं नाक आणि पिकलेलं कानशील एवढंच दिसत होतं. त्यानं शोधलं आणि त्याला ती सापडली. "बरी!" तो ओरडला. "बरी, बरी!" सगळे हसले. कादंबरीनं फोनवर पंजा ठेवला. पंजाखालून आवाज येत राहिला. मग तिनं फोन उशीखाली सारला आणि उशीवर बसली. बाबांनी बाहेरून विचारलं, "संपला वर्ग?" ती म्हणाली, "हो." पुढच्या प्रत्येक वेळी, बाई नावं घेताना शंभूचं नाव आलं की ती पोट दुखतं म्हणून उठायची. तिला वाटायचं, तो विचारेल. का सांगितलंस म्हणून विचारेल. आज बाकावर बसून तिला कळत होतं, की त्यानं तसं काही विचारलं नसतं. त्याच्या आवाजात रागाचं काही नव्हतं. ती नुसती हाक होती. ती ओ द्यायची राहिली. आणि वर्षभरानं, रोग दुसऱ्यांदा फिरून आला तेव्हा, बाबा फोनवर हमीदाबाईंशी बोलता बोलता गॅलरीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आत येऊन म्हणाले, "शंभूची आई गावाला गेली. त्याचा भाऊ त्याला घेऊन गेलाय, दुसरीकडे ठेवलंय चांगलं." कादंबरीची आईसुद्धा गावालाच गेली होती. गावाला जाणं म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नाही असं बाबांना वाटायचं, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून ती मान हलवायची.

कार्यशाळा उघडली तेव्हा शंभूच्या जागी दुसरी मुलगी खळ लावायला बसली होती. ती चांगली होती, भराभर लावायची. कादंबरीच्या घड्या तिरप्या पडू लागल्या. हमीदाबाईंनी विचारलं, "काय होतंय गं?" ती म्हणाली, "काही नाही." शंभू कुठे आहे, हे तिनं विचारलं नाही, विचारलं असतं आणि बाई म्हणाल्या असत्या, की तूच तर सांगितलंस, तर? आणि दिवस गेले. बस सुरू झाल्या, तोंडं परत आली, लोक विसरले. ती विसरल्यासारखी झाली. आज तो माणूस खोकला नसता, तर ती मंडईला उतरून घरी गेली असती.

तिनं फोटो दाबला. बाबा रिक्षानं आले. लांबूनच त्यांचा आवाज आला, "वा वा! कादंबरीबाई, कुठल्या गावाचं तिकीट काढलंत? आम्हाला सांगायचं तरी, सतरंजी बांधून दिली असती." जवळ आल्यावर त्यांनी तिचं तोंड पाहिलं आणि चेष्टा तिथेच सोडली. शेजारी बसले. धापा टाकत होते.

"काय झालं? कुणी काही केलं का?"

"नाही."

"मग?"

"बाबा, मी बाईंना सांगितलं म्हणून झालं."

"काय झालं?"

"सगळं. बंद. शंभू खोकला, मी सांगितलं, मग बंद झालं. मग त्याची आई मेली."

बाबांनी चष्मा काढला. "अगं, काय बोलतेस? हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्ही म्हणालात, कार्यशाळेतून निघाला. दूध सांडलं तेव्हा."

त्यांना आठवत नव्हतं, हे तिला दिसलं. मग आठवलं, तेही दिसलं. त्यांचा चेहरा असा झाला, की तिला वाटलं आपण पुन्हा काहीतरी सांगायला नको ते सांगितलं. तिनं त्यांच्या बाहीला हात लावला. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. समोरची गाडी भरली, निघून गेली. मग ते बोलले, आणि त्यांच्या बोलण्याला त्या वेळी एकच पदर होता. "नीट ऐक. तो रोग फार लांबून आला. दुसऱ्या देशातून. शंभू खोकला त्याच्या आधीच आला होता. तू सांगितलं नसतंस, तरी सगळं बंदच झालं असतं. मी जे म्हणालो ते चिडून म्हणालो, ते खोटं होतं. कळलं?"

"खोटं होतं?"

"खोटं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस, म्हणून मला वाटलं तुला कळलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन वर्षं, अगं. एका घरात दोन वर्षं." आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांमधली बरी झालेली कातडी अंगठ्यानं चाचपून पाहिली.

शंभूचा पत्ता हमीदाबाईंनी दिला. शिरूरच्या पुढे एक आश्रम होता, घरी सांभाळायला कुणी नसलेल्या अशा मोठ्या माणसांसाठी. बाबा आणि ती एसटीनं गेली. ती वाटेत बाबांचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, म्हणजे सांगताना चुकायला नको. आश्रम स्वच्छ होता. फरशी पुसलेली, कुंड्यांना पाणी घातलेलं. कडुनिंबाखाली बाकावर शंभूला आणून बसवलं. तो अर्धा झाला होता. केस बारीक कापलेले, शर्टाला रुमाल नाही. त्यानं खूप वेळ तिच्याकडे पाहिलं आणि कादंबरीला वाटलं, त्यानं आपल्याला ओळखलं नाही, मग तो म्हणाला, "बरी." आनंदानं नाही, हाकही नाही. वस्तूचं नाव सांगावं तसं.

"मी बाईंना सांगितलं होतं," कादंबरी म्हणाली. "तू खोकलास ते. चुकलं माझं."

शंभू हातांकडे बघत राहिला. शब्द त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, हे तिला माहीत होतं, म्हणून ती थांबली. अखेर तो म्हणाला, "मी खोकलो."

"हो."

"मी खोकलो. बंद झालं. आईला झालं."

हे तिनं कधी धरलंच नव्हतं, की तोही इतके दिवस तेच घेऊन बसला असेल. खडकीतल्या त्या घरात, आणि मग इथे, जिथे विचारायला हमीदाबाईसुद्धा नव्हत्या. तिनं घाईघाईनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "नाही शंभू. रोग दुसऱ्या देशातून आला. तू खोकलास त्याच्या आधीच आला. तू खोकला नसतास तरी बंदच झालं असतं."

"आईला?"

त्याचं उत्तर बाबांनी शिकवलं नव्हतं. तिनं मागे पाहिलं. बाबा झाडाच्या बुंध्याला टेकून उभे होते. ते पुढे आले, खाली वाकले, शंभूच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "तुझ्यामुळे नाही, बाळा. आईला तुझ्यामुळे झालं नाही."

"हो," शंभू म्हणाला.

कादंबरीनं तो 'हो' ओळखला. तो तिचाच होता. समोरच्याला बरं वाटावं, त्यानं आता बोलणं थांबवावं, म्हणून म्हणायचा हो. तो म्हटल्यावर लोक खांद्यावर थोपटतात आणि आतलं सगळं होतं तसंच राहतं. बाबांनी शंभूच्या खांद्यावर थोपटलं. फार उशीर झाला होता. पहिल्या वर्षी, फोनच्या चौकोनात तो ओरडत होता तेव्हा हे सांगितलं असतं, तर कदाचित पोचलं असतं. तिला तेव्हा ठाऊक नव्हतं; पण हाकेला ओ देता आली असती, तेवढं तर तिला येत होतं. ती त्याच्याजवळ सरकून बसली. तो सरकला नाही, जवळही आला नाही. जेवणाची घंटा झाली तसा उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, आणि रांग आत गेली.

निघताना बाबा कचेरीत गेले. ती बाहेर चपला घालत होती. आतून त्यांचा आवाज आला, इतका हळू, की तो त्यांचा वाटेना. "बायकांचीही सोय आहे का इथे?" आतल्या ताई म्हणाल्या, "आहे ना. मागची इमारत. बघायची आहे?" बाबा म्हणाले, "नाही, नाही. सहज विचारलं." कादंबरी चपला तशाच टाकून दारात गेली. "मला बघायचीय," ती म्हणाली. बाबा वळले. त्यांचा चेहरा, चोरी करताना सापडलेल्या मुलासारखा. "अगं, सहज म्हटलं मी—" ती ताईंच्या मागून चालू लागली. बाबा आले नाहीत. मागच्या इमारतीत खाटा होत्या, प्रत्येक खाटेवर घडी केलेली चादर. एक म्हातारी बाई दुसरीची वेणी घालत होती. एक तरुण मुलगी भिंतीकडे तोंड करून झुलत होती. त्यांनी कादंबरीकडे पाहिलं, नवी आलेली म्हणून, आणि एकीनं सरकून तिला जागा केली. कादंबरी बसली नाही. पण त्या सरकलेल्या बाईला वाईट वाटू नये म्हणून तिनं तिच्या चादरीला हात लावला, आणि परत आली.

एसटीत तिला खिडकी मिळाली. शिक्रापूर गेलं. मग तिनं विचारलं.

"बाबा, तुम्ही मरणार?"

पुढच्या बाकावरची बाई दचकून मागे वळली. एरवी बाबांनी तिला काहीतरी ऐकवलं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हो," ते म्हणाले. "कधीतरी. आज नाही. पण मरणार."

"मग मला तिथे ठेवणार?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी नुसतं विचारत होतो. तुला विचारायला हवं होतं आधी." ते थांबले. "तुला काय वाटतं?"

तुला काय वाटतं, असं तिला आजवर भाजीबद्दल विचारलं होतं, साडीबद्दल विचारलं होतं. ती विचार करू लागली. तिला वेळ लागायचा, आणि बाबांनी घाई केली नाही. बाहेर उसाच्या ट्रॉल्या, गोदामं, नव्या इमारतींची लोखंडं गेली. त्या मागच्या इमारतीबद्दल तिला अजून काही वाटत नव्हतं. जे वाटत होतं ते वेगळंच होतं, आणि ते आता विचारलं नाही तर पुन्हा विचारायचं राहून जाईल.

"तुम्ही मेलात, की मला कोण सांगेल?"

"म्हणजे?"

"खरं. सरळ. गावाला गेले, असं नाही. मेले, असं. आणि कशानं मेले. माझ्यामुळे नाही, ते. हे मला कोण सांगेल?"

"सांगेल कुणीतरी," असं ते म्हणणार होते, हे तिला दिसलं, आणि ते म्हणाले नाहीत. "मी सांगून ठेवीन एखाद्याला," ते म्हणाले. "तुला सरळ सांगायचं म्हणून."

"कुणाला?"

ते विचार करू लागले. हमीदाबाईंचं नाव त्यांच्या ओठांवर आलं. मग बहुधा त्यांचं वय आठवलं. भावाचा मुलगा होता, तो परदेशात. शेजारी होते, पण ते बाबांच्याच बोलण्याला हसणारे. कादंबरीशी ते बोलत ते तिच्या डोक्यावरून, बाबांकडे बघून. वाघोलीला गाडी गर्दीत अडकली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि एकदम सगळीकडे शांत झालं. बाबांचे ओठ हलत होते, एक नाव, मग मान नकारार्थी, मग दुसरं. कादंबरी त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. पुढच्या गाड्या सुटल्या, ड्रायव्हरनं पुन्हा इंजिन सुरू केलं, पुणं जवळ येऊ लागलं, आणि बाबा अजून शोधत होते.